तुव्वाल, तौलिया, टॉवेल: एकाच कारखान्यात तीन शब्द, मूळ कुठलं?

पूर्वभाग (सोलापूर):

नमस्कार. आमचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. माग आणि डाईंग दीर बघतात, ऑफिस माझ्याकडे: बिलं, गठाणींवरची लेबलं, परदेशातून येणाऱ्या चौकश्यांना उत्तरं. प्रश्न भाषेचा आहे, पण तो कारखान्यातूनच निघालाय, म्हणून आधी तिथलं सांगते.

शिलाई खात्यातल्या बहुतेक बायका तेलुगू बोलणाऱ्या, पद्मशाली घरातल्या. त्या 'तुव्वाल' म्हणतात. पॅकिंगला एक चाचा आहेत, घरी दखनी बोलतात, त्यांच्या तोंडी कायम 'तौलिया'. मागावरची मराठी पोरं 'टॉवेल' नाहीतर 'टावेल'. एकाच छपराखाली एकाच कापडाला ही तीन नावं रोज चालतात आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही.

सुट्टीत माझी मुलगी कारखान्यात आली होती. शिलाईतल्या एका मावशींना म्हणाली, "मावशी, तुव्वाल नाही हो, टॉवेल. इंग्लिश शब्द आहे तो." मावशी हसल्या, आणि मग दिवसभर माझ्यासमोर अडखळत 'टावल, टावल' करत राहिल्या. मला ते फार लागलं. ज्यांचं आयुष्य टॉवेलच्या कडा मुडपण्यात गेलं, त्यांनी त्या वस्तूचं नाव शाळकरी पोरीकडून दुरुस्त करून घ्यावं, हे मनाला पटेना. पण पोरीला सांगायचं काय, तेही कळेना. तुव्वाल हा इंग्रजीचा बिघडलेला उच्चार असेल तर ती चुकीचं काही बोलली नव्हती.

त्याच सुमारास एका मालासाठी पाच भाषांतलं लेबल करायचं निघालं. कोश उघडून बसले. स्पॅनिशमध्ये 'तोआया'. पोर्तुगीजमध्ये लिहिताना 'तोआल्हा' आणि उच्चार जवळजवळ 'तुआल्या'. तिथे मी थांबले. तुआल्या आणि तुव्वाल! इंग्रजी टॉवेलपेक्षा हे दोन एकमेकांच्या किती जवळ आहेत. मग इटालियन पाहिलं, तर तिथे 'तोव्हाल्या' आहे, पण अर्थ दिलाय टेबलावर अंथरायचं कापड. अंग पुसायच्या टॉवेलला ते 'आश्शुगामानो' म्हणतात. फ्रेंचमध्ये तर 'सेर्व्हिएत', म्हणजे या घराण्यातलाच नाही.

तर जाणकारांनी सांगावं. हे सगळे शब्द एकाच मुळाचे का? मूळ अर्थ काय होता? एका भाषेत अंग पुसायचं कापड आणि शेजारच्या भाषेत टेबलावरचं, असं कसं झालं? आणि आमच्या मावशींचा तुव्वाल नेमका कुणाकडून आला?

सीमेवरचा:

ताई, आम्ही अक्कलकोटकडचे, घरात कन्नड. माझी आजी 'टुवालु' म्हणायची. खांद्यावर टाकायचा तोही टुवालु, न्हाणीतला तोही टुवालु. आम्हीसुद्धा तो इंग्रजीच समजत होतो.

आमचे एक काका मात्र ठासून सांगतात की हा संस्कृत 'तूल' वरून आलाय. तूल म्हणजे कापूस, कापसाचं ते तुवाल. ऐकायला बरोबर वाटतं. खरं आहे का, हे कुणीतरी सांगा.

मांडवीकाठ:

पूर्वभाग ताई, तुमचा कान बरोबर आहे. मी मूळचा साखर पेठेतला, बरीच वर्षं पणजीत आहे. जमिनीच्या जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांची भाषांतरं करतो. त्यामुळे 'तोआल्हा' माझ्या रोजच्या वाचनातला शब्द. घरच्या वस्तूंच्या याद्यांत असतो, चर्चच्या सामानातही असतो, कारण वेदीवर अंथरायच्या कापडालाही तोच शब्द आहे. इथे कोकणीत टॉवेलला 'तुवालो' म्हणतात.

मुलीला सांगा, मावशींचा शब्द इंग्रजीतून आलेला नाही. तो पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून आलाय आणि इंग्रजांचा टॉवेल इथे रुळण्याच्या आधीपासूनचा दिसतो. गोव्याचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी आशियातल्या भाषांमध्ये गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ साली काढला. त्याचं इंग्रजी रूप १९३६ मध्ये बडोद्याहून निघालं. त्यात तोआल्हाचीही नोंद आहे. कोश हाताशी नसेल तरी शब्द स्वतःच साक्ष देतात, ती अशी.

पहिली साक्ष आघाताची. इंग्रजीत जोर पहिल्या अक्षरावर पडतो: टॉ-वेल, त्यांच्या तोंडून तर 'टाउल' एवढंच ऐकू येतं. पोर्तुगीजमध्ये जोर मधल्या 'आ' वर: तु-आ-ल्या. आता तुव्वाल म्हणून बघा. लांब आ तिथेच आहे. कोकणी तुवालो, तमिळ 'तुवालै', सिंहली 'तुवाय', मलायातला 'तुआला', सगळीकडे तो आ तसाच ताणलेला. 'टाउल' ऐकून इतक्या वेगवेगळ्या भाषांनी त्याच जागी आ लांबवला असता, हे मला संभवत नाही.

दुसरी साक्ष सुरुवातीच्या 'तु' ची. लिहिताना 'तो' असलं तरी युरोपातल्या पोर्तुगीजमध्ये आघात नसलेला ओ हा उ सारखा उच्चारतात. आपल्याकडे शब्द कानाने आला, कागदावरून आला नाही. म्हणून तु.

तिसरी साक्ष मला सगळ्यात आवडते, कारण ती आपल्या मराठी कानाला लगेच पटते. पोर्तुगीज त दातांचा आहे, आपल्या त सारखा. इंग्रजांचा मात्र आपल्याला ट ऐकू येतो. म्हणून इंग्रजीतून आलेले शब्द बघा: टेबल, टिकीट, मोटार, स्टेशन. पोर्तुगीजमधून आलेले बघा: तंबाखू, तुरुंग, काडतूस, फीत, मेस्त्री. मावशी तुव्वाल म्हणतात, त ने. पोरं टॉवेल म्हणतात, ट ने. दोघंही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत, दोन शब्द दोन वेगळ्या गलबतांतून उतरले आहेत. चाचांचा तौलियाही पोर्तुगीज गलबतातलाच, हिंदी कोशही त्याच्यापुढे पोर्तुगीज असंच लिहितात. बंगालीत 'तोयाले' आहे. पोर्तुगीज लिपीतला 'ल्ह' म्हणजे ल आणि य एकजीव झालेला ध्वनी. तो तौलियात 'लिया' म्हणून टिकला, तेलुगूत नुसता ल राहिला.

आता समुद्रापलीकडे. पोर्तुगीजांनाही हा शब्द लॅटिनमधून मिळालेला नाही, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. पोर्तुगीज, स्पॅनिश, कातालान, फ्रेंच, इटालियन या लॅटिनच्या लेकी. साहजिकच वाटतं की सगळ्यांकडे सारखा असलेला शब्द आईकडूनच आला असेल. पण रोमन लोक हात पुसायच्या फडक्याला 'मान्तेले' म्हणत. तोआल्हाचं मूळ उत्तरेकडच्या जर्मानिक टोळ्यांच्या भाषेत आहे. त्यांच्याकडे 'थ्वाहन' म्हणजे धुणे असं क्रियापद होतं. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबलचं गॉथिक या जर्मानिक भाषेत भाषांतर केलं, त्यात ते आहे. जुन्या इंग्रजीतही त्याचं भावंड होतं, पुढे ते मेलं. या धातूवरून धुतल्यावर पुसायच्या कापडाला नाव पडलं, जुन्या जर्मनमध्ये ते 'द्वाहिला' असं सापडतं. या टोळ्यांपैकीच फ्रँक लोक पाचव्या शतकानंतर गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, राज्यकर्ते झाले, त्यांच्या घरातल्या कित्येक वस्तूंची नावं लॅटिन बोलणाऱ्यांनी उचलली, तसाच हा शब्द. लॅटिनच्या जिभेला थ नव्हता, त्याचा त झाला. जुन्या फ्रेंचमध्ये 'तोआल्य' झाला, इटालियनमध्ये तोव्हाल्या, पोर्तुगीजमध्ये तोआल्हा, स्पॅनिशमध्ये तोआया. जुन्या स्पॅनिशमध्ये ब असलेलं 'तोबाहा' असंही रूप होतं, ते आता वापरात नाही.

आणि इंग्रजांचा टॉवेल? तोही जुन्या फ्रेंचकडूनच त्यांनी तेराव्या शतकात घेतला. म्हणजे ज्या धातूचा स्वतःच्या भाषेतला वंश त्यांनी गमावला, तोच फ्रान्समधून वळसा घालून त्यांच्या घरी परत आला. टॉवेल आणि तुव्वाल ही एका आजीची नातवंडं. एक लंडनमार्गे आला, दुसरा लिस्बनमार्गे, आणि भेट झाली अक्कलकोट रोडला.

'सीमेवरचा' यांच्या काकांना माझा नमस्कार सांगा, पण तूलचा इथे संबंध नाही. मूळ अर्थात कापूस कुठेच नाही, धुणं आहे. आणि तूल पासून 'वा' कुठून आला, हेही सांगता येत नाही. आजींचा टुवालु मात्र मोलाचा आहे. सांगाडा पोर्तुगीज, आ लांब, पण सुरुवातीला इंग्रजीचा ट. दोन्ही शब्द कानावर पडत राहिले की असं मिश्रण होतं.

शंका आहेच:

मांडवीकाठ सर, त आणि ट ची कसोटी छान आहे, पण मग बटाटा? तो पोर्तुगीजमधूनच आलाय ना? दोन्ही ट आहेत त्यात. दुसरं म्हणजे, तेलंगणाला समुद्रकिनारा नाही. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागातून सोलापूरला आलेल्या विणकरांच्या तोंडी पोर्तुगीज शब्द गेला कसा? गोव्याजवळच्या लोकांचं समजू शकतो.

मांडवीकाठ:

दोन्ही शंका रास्त आहेत.

बटाटा हा अपवादच आहे आणि तो मला नियमात कोंबून बसवायचा नाही. शब्द लोकांच्या तोंडातून जातात, तेव्हा सगळेच शिस्तीत चालत नाहीत. म्हणून एकट्या त वर मी भिस्त ठेवली नाही, आघात आणि तु यांची साक्ष बरोबर घेतली. तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा मी खात्रीने बोलतो. याच धंद्यातला आणखी एक शब्द देतो. पोर्तुगीज 'बोतांव' म्हणजे बटण. कोकणीत 'बुतांव', तेलुगूत 'बोत्तामु', सिंहलीत 'बोत्तम'. तिन्हीकडे त. मराठीने मात्र बटण असं ट ने घेतलं. शिलाईतल्या मावशींना विचारा, बोत्तामु त्यांच्या लगेच लक्षात येईल.

तेलंगणाचं उत्तर बंदरात आहे. आपण पोर्तुगीज म्हटलं की गोवा, वसई, चौल एवढंच डोळ्यासमोर आणतो. पण पूर्व किनाऱ्यावर नागपट्टणम, मद्रासजवळचं साओ तोमे म्हणजे मैलापूर, तिथे त्यांच्या वसाहती होत्या आणि मछलीपट्टणमला त्यांचे व्यापारी होते. मछलीपट्टणम हे गोवळकोंड्याच्या राज्याचं मुख्य बंदर, आणि त्या बंदरातून बाहेर जाणारा मोठा माल कोणता? कापड. साधं, रंगवलेलं, छापलेलं, चितारलेलं. डचांनी तिथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला वखार घातली, इंग्रजांनी १६११ मध्ये. पण त्यांनाही स्थानिक दलालांशी बोलायला पुष्कळ काळ मोडकीतोडकी पोर्तुगीजच वापरावी लागे. बंदराबंदरांत तीच बाजारभाषा होती. म्हणजे कापडाचा सौदा व्हायचा त्या भाषेत तोआल्हा हा शब्द रोजचा, आणि कापड यायचं तेलुगू मुलखातून. ज्यांच्या हातचं कापड त्या वाटेने गेलं, त्यांच्याकडे एखादा शब्द उलट वाटेने आला, असं माझं अनुमान आहे. अनुमान म्हणूनच घ्या. तुव्वाल तेलुगूत आहे आणि तो पोर्तुगीज आहे, एवढं मात्र पक्कं.

थोडं विषयांतर. डच भाषेत याच जर्मानिक मुळाचा वंशज 'द्वाइल' आहे, आणि त्याचा आजचा अर्थ लादी पुसायचं फडकं. एक भाऊ चर्चच्या वेदीवर, एक बाथरूममध्ये, एक फरशीवर. जावाबेटांत डच राहिले, तिथल्या इंडोनेशियन भाषेने मात्र टॉवेलला त्यांचा दुसरा शब्द 'हान्दुक' घेतला, म्हणजे हाताचं कापड. समोरच मलायात पोर्तुगीजांचा तुआला टिकून आहे. मलाक्का १५११ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलं होतं, ते असं अजून बोलण्यात दिसतं.

पूर्वभाग (सोलापूर):

मांडवीकाठ काका, तुम्ही साखर पेठेतले म्हणजे घरचेच निघालात. खूप खूप आभार. काल दुपारच्या सुट्टीत मी हे सगळं शिलाई खात्यात वाचून दाखवलं, मुलीलाही मुद्दाम बोलावलं होतं. 'बोत्तामु' म्हटल्याबरोबर तिघी-चौघी एकदम बोलल्या, "हौ की, बोत्तामु!" मुलगी वहीत लिहून घेत होती, तिने मग त्यांना आणखी शब्द विचारायला सुरुवात केली. पॅकिंगचे चाचा म्हणाले, "तौलिया भी अपनाच है ना फिर?" त्यांनाही तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं.

पण माझा एक प्रश्न राहिला. टेबलाचं कापड आणि अंगाचं कापड. आमच्या धंद्यात या दोन वस्तू इतक्या वेगळ्या आहेत की एकाच शब्दाने दोन्ही कशा चालतील, हे डोक्यात बसत नाही. टेरीत ताण्याचे दोन बीम लागतात, एक पायाचा आणि एक पाइलचा, म्हणजे वर उठणाऱ्या वेटोळ्यांचा. पाइलचा ताणा सैल सोडायचा, फणीने बाण्याचे धागे एकदम पुढे सारायचे, तेव्हा ती वेटोळी उभी राहतात आणि पाणी शोषतात. टेबलक्लॉथला वेटोळं चालतच नाही, तो सपाट हवा. माग वेगळा, मोजमाप वेगळं, धुलाई वेगळी. मग इटालियन लोकांनी हा शब्द टेबलाला का दिला?

आणि जाता जाता, 'नॅपकिन' चं काय? सोलापुरात टॉवेलच्या बरोबरीने नॅपकिन निघतो. तोही यातलाच का?

शब्दवेल्हाळ:

मी फ्रेंच शिकवते, पुण्यात. माहेर सोलापूरचं, त्यामुळे हा धागा सोडवेना. टेबलाचं मी सांगते.

ताई, तुम्ही आजच्या टेरीपासून मागे बघताय, म्हणून अडतंय. वेटोळ्यांचा टॉवेल हे युरोपच्या दृष्टीने कालचं बाळ आहे. तुर्कस्तानात, बुर्साकडे, तसं कापड हाताने विणायचे. ते बघून इंग्लंडमध्ये यंत्रावर काढायला सुरुवात झाली आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडलं गेलं. म्हणूनच आपल्याकडे अजून 'टर्किश टॉवेल' म्हणतात, आणि पोर्तुगीजही या कापडाला 'तुर्कू' म्हणजे तुर्की म्हणतात. त्याआधी हजारभर वर्षं तोआल्य म्हणजे साधं, सपाट, बहुधा लिननचं लांब कापड. टेबलाचं आणि हाताचं यात विणीचा फरक नव्हताच.

आणि वापर बघा. मध्ययुगातला युरोप हाताने जेवायचा. काटा इटलीत आधी आला, बाकीच्यांकडे सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत सावकाश पसरत गेला. श्रीमंतांच्या पंगतीत बसण्याआधी नोकर हातावर पाणी घालायचा, खांद्यावर तोआल्य असायचा. जेवताना टेबलाच्या कडेला, बसणाऱ्यांच्या बाजूने, एक लांब पट्टी अंथरलेली असायची, तिला सगळे हात पुसायचे. आता हे कापड टेबलाचं म्हणायचं की हाताचं? एकच वस्तू दोन्ही कामं करत होती. पुढे कामं वेगळी झाली, तेव्हा प्रत्येक भाषेने नाव कुणाला द्यायचं ते आपापलं ठरवलं. इटालियनने टेबलाला दिलं. स्पॅनिशने अंगाला दिलं आणि टेबलासाठी जुना रोमन मान्तेले 'मान्तेल' करून ठेवला, म्हणजे मूळचं हात पुसायचं लॅटिन नाव टेबलावर गेलं आणि धुण्याचं जर्मानिक नाव बाथरूममध्ये आलं! पोर्तुगीजने वाटणी केलीच नाही: 'मेझाचा (टेबलाचा) तोआल्हा' आणि 'आंघोळीचा तोआल्हा', आधी सांगावं लागतं कुठला ते. कातालानची वाटणी मला सगळ्यात नीट वाटते. टेबलाचं ते 'तोव्हाल्येस', आणि त्यालाच लहानपणाचा प्रत्यय लावून अंगाचं ते 'तोव्हाल्योला'. इटालियनमध्येही तोव्हाल्याचं धाकटं रूप 'तोव्हाल्योलो' आहे, म्हणजे जेवताना मांडीवर घ्यायचा रुमाल.

फ्रेंचने मात्र स्वतःच जगभर पाठवलेला शब्द घरात जवळजवळ टाकून दिला. 'तुआय' आज जुन्या कोशात भेटतो. सेर्व्हिएत हा 'सेवा देणे' या क्रियापदावरून. तुम्हाला कोशात तो दिसला तो याच कारणाने. टेरीचा सांगायचा असेल तर फ्रेंच लोक त्यापुढे 'एपाँज' जोडतात, म्हणजे स्पंज. बेल्जियममधले फ्रेंच बोलणारे तर टॉवेलला सरळ 'एस्सुई', पुसणं, असं म्हणतात. या घराण्यात न येणारी आणखी एक लेक रुमानियन. तिच्याकडे 'प्रोसोप', तो ग्रीकांकडून आलाय आणि मुळात तोंडाशी संबंधित आहे.

नॅपकिन वेगळ्या घराण्यातला. लॅटिन 'माप्पा' म्हणजे जेवतानाचं फडकं. रोममध्ये रथांच्या शर्यतीला इशारा म्हणून अधिकारी माप्पा खाली टाकायचा. रोमन लेखक क्विंटिलियन लिहितो की हा शब्द उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे लोक आपला सांगतात. फ्रेंचमध्ये सुरुवातीच्या म चा न झाला आणि 'नाप्प' म्हणजे टेबलक्लॉथ तयार झाला. इंग्रजांनी त्याला 'किन' हा लहानपणाचा प्रत्यय लावला, झालं नॅपकिन, छोटा टेबलक्लॉथ. याच माप्पावरून नकाशाचा 'मॅप' आला, कारण जगाचा नकाशा कापडावर काढायचे. ॲप्रनही यातलाच, त्याचा न पुढे इंग्रजीत गळून पडला.

सीमेवरचा:

काकांना वाचून दाखवलं. तूल सोडायला तयार नाहीत, पण आजीचा टुवालु दोन शब्दांचं मिश्रण आहे हे त्यांना फार आवडलं. ते म्हणाले, हे अक्कलकोटचंच लक्षण आहे, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं.

शब्दवेल्हाळ ताई, चादरीचं पण सांगा की. सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. टॉवेलचं एवढं निघालं तर चादरीचं राहू नये.

शब्दवेल्हाळ:

चादर फारसी, त्यात फार वळणं नाहीत. इराणमधली बाई डोक्यावरून घेते ती चादोर तीच. आपण ती अंगावरून पलंगावर आणली. फारसीतून इकडे आली तशी इंग्रजीतही 'चडर' म्हणून गेली, पण युरोपातल्या या लॅटिनच्या लेकींच्या घरात तिने संसार थाटला नाही. त्यामुळे या धाग्यात तिचं काम थोडंच.

पूर्वभाग (सोलापूर):

शब्दवेल्हाळ ताई, हात पुसायच्या पट्टीमुळे सगळं लख्ख झालं. सपाट कापडाचा विचार मी केलाच नव्हता. आमच्याकडे पंचा अजून तसाच आहे की, सपाट. तो अंग पुसायलाही चालतो, ताटावर झाकायलाही आणि प्रवासात अंथरायलाही. कुणी त्याला तीन नावं देत नाही.

आता लेबलाकडे येते. पोर्तुगीज बाजूला नुसतं तोआल्हा लिहिलं तर गिऱ्हाईक टेबलाचं समजेल का? आणि इटालियनमध्ये आमच्या मोठ्या मापाला, बाथ टॉवेलला, आश्शुगामानोच लिहायचं का? त्यात 'मानो' म्हणजे हात दिसतोय, आणि माप तर माणसाला गुंडाळता येईल एवढं आहे.

शब्दवेल्हाळ:

आश्शुगामानो म्हणजे हात कोरडे करणारा, पण मापाने मध्यम टॉवेललाही चालतो. मोठ्याला 'तेलो दा बान्यो' लिहा, आंघोळीचं कापड. समुद्रावर न्यायच्या टॉवेलला 'तेलो मारे'. हा 'तेलो' ज्या लॅटिन 'तेला' वरून आलाय, तो विणण्याच्या क्रियापदापासूनच निघालेला शब्द, आणि त्या क्रियापदाचं आपल्याकडचं नातं संस्कृत 'तक्ष्' शी आहे, घडवणे. कारखानदारांच्या लेबलावर शोभेल. टेरी हे दाखवायला पुढे 'दि स्पुन्या' जोडा, फ्रेंचांसारखाच स्पंज.

स्पॅनिशमध्ये नुसतं तोआया पुरे, तिथे टेबलाचा घोटाळा होत नाही. टेरीचं कापड सांगायचं असेल तर 'रीसो' म्हणतात, म्हणजे कुरळं. तुमच्या पाइलच्या वेटोळ्यांना त्यांनी केसांचं नाव दिलंय.

मांडवीकाठ:

पोर्तुगीजमध्ये 'तोआल्हा द बान्यु' लिहा, आंघोळीचा. हातापुरत्या लहान मापाला 'तोआल्हा द रोश्तु', म्हणजे तोंडाचा. लिपीत ल नंतरचा ह विसरू नका, छापणारे हमखास गाळतात आणि मग शब्द भलताच दिसतो. ब्राझीलला माल जाणार असेल तरी हीच रूपं चालतील, उच्चार तेवढा तिकडे 'तोआल्या' असा ओ ने करतात.

छापायला टाकण्याआधी नमुना मला पाठवा ताई, पोर्तुगीज बाजू मी तपासून देतो. आणि तुमच्या मुलीने शिलाई खात्यातून आणखी शब्द गोळा केले असतील तर तेही इथे टाका. अलमारी, मेस्त्री, बालदी हे तेलुगू उच्चारात कसे येतात, ते मला मावशींच्या तोंडचंच हवं आहे.